दोन रतल

माझे मामा धनाजीराव बडोद्याच्या पागेत स्वार होते. सोळाव्या वर्षी घोड्यावर बसले ते सत्तावीस वर्षं उतरले नाहीत. तारा नावाची त्यांची घोडी आणि माझी मामी गंगाबाई, यांत त्यांचा जीव कुणावर जास्त, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मामींचीही नाही.

एकोणीसशे सव्वीसच्या आषाढात पागेवर नवे अंमलदार आले आणि त्यांनी हुकूम काढला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्वाराचं वजन होईल. एकशे ऐंशी रतलांच्या, म्हणजे पौंडांच्या, वर जो भरेल, त्याची घोडी दुसऱ्याला. त्याने गवताच्या गंजीवर पहारा करायचा.

त्याच दिवशी पागेतल्या गवत तोलायच्या काट्यावर मामा चढून पाहिले, तर भरले एकशे शहाण्णव. घरी येऊन ते माझ्यापाशी बसले. मी तेव्हा चौदा वर्षांची, त्यांच्याकडेच वाढत होते. "कमले, तारा दुसऱ्याच्या हातात गेली तर मी जगेन का गं?" असं त्यांनी मला विचारलं. मोठ्या माणसाने पोरीला असं विचारावं, इतके ते घाबरले होते.

उपाय त्यांनीच शोधला. समोर श्रावण होता. महिनाभर उपास धरायचा. मटण-अंडी तर आमच्याकडे श्रावणात बंदच असत, आता धान्य आणि डाळही बंद.

वजन उतरवायला उपास! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. कारण मामी त्यांना उपाशी थोड्याच ठेवणार? सकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, संध्याकाळी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. वर केळी. "नवरा महिनाभर उपाशी आहे," असं सांगून शेजारच्या मथुराबाईंपुढे डोळे पुसायच्या आणि परत येऊन आणखी एक डाव वाढायच्या. मामाही मुकाट खायचे, कारण तासाभरात पुन्हा भूक लागायची.

श्रावण संपला. गवताच्या काट्यावर मामा भरले एकशे अठ्ठ्याण्णव.

मग त्यांनी सगळंच सोडलं. पाणी आणि लिंबू. मामींनी ताट पुढे केलं की ते सरकवायचे. तिसऱ्या दिवशी कवायतीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खाली कोसळले. तारा जागची हलली नाही, म्हणून वाचले.

लहरीपुऱ्याच्या दरवाज्याजवळ मणिलाल डॉक्टर बसत. नाडी पाहून त्यांनी खाण्याचं विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अरे धनाजीराव, आ शुं कर्युं, हे काय केलंत? तमारी घोडीला काय घालता?"

मामांच्या अंगात बसण्याचंही त्राण नव्हतं, पण हे त्यांना तोंडपाठ होतं. "चणे तीन शेर, बाजरी एक शेर, वर वाळलं गवत. बाजरी वाढवली तर पोट सुटतं, धाप लागते. चणे तोडले तर मागचे पुठ्ठे बसतात."

"बस! साबुदाणा, रताळं, बटाटा, ही सगळी तुमची बाजरी. चणे कुठे आहेत? आणि आता तर दोन्ही बंद केलंत. जनावराला असं कराल?"

मामा रडले. डॉक्टरांसमोर, माझ्यासमोर. सत्तावीस वर्षं जे ते रोज मापाने घोड्यापुढे ठेवत होते, ते स्वतःच्या ताटाला लावायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून पाच भाकऱ्यांची दीड झाली. मुगाची उसळ, दोन अंडी, चरबी काढलेलं मटण, पालेभाजी, ताक. मामी शेराचं माप घेऊन चुलीपाशी बसायच्या. मामांची भूक भागू लागली, अंगात ताकद आली आणि काटा हलू लागला. घटस्थापनेला एकशे चौऱ्याऐंशी.

नवरात्राचा उपास मात्र आमच्या घरात कुणी मोडलेला नाही. या खेपेस मामींनी साबुदाण्याचा डबाच मथुराबाईंकडे नेऊन ठेवला. मूठभर भाजलेले शेंगदाणे, वाटीभर दही, दूध, एवढ्यावर मामांनी आठ दिवस काढले. रोज पहाटे घटापुढे हात जोडून ते पुटपुटत, "आई, चार रतल. फक्त चार."

खंडेनवमीला घोड्यांची पूजा मांडली होती. ताराच्या कपाळावर कुंकू होतं. मामांनी पागोटं काढलं, बूट काढले, हातातलं चांदीचं कडंही काढलं आणि काट्यावर चढले.

एकशे ब्याऐंशी.

"साहेब, आठ दिवस द्या. पाया पडतो."

"हुकूम दसऱ्याचा आहे," अंमलदार म्हणाले आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

घरी मामींना कुणी काही सांगितलं नाही, मामांच्या हातात रोजचा लगाम नव्हता हे त्यांनी पाहिलं. त्या चुलीपाशी बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "ते दोन रतल श्रावणातले गं. माझ्या हातचे." खरंच होतं ते.

मामा गंजीवर उभे राहू लागले. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले, तेव्हा तारा समोरून चालली होती, पाठीवर दत्ताजीराव नावाचा तरणा स्वार. घोडीने मान वळवली. मामा धावत पुढे गेले आणि लगाम धरून म्हणाले, "पोट सुटलंय हिचं. बाजरी एक शेर, त्याच्या वर नाही. चणे तोडू नका, भाऊ."

मी डबा उघडला. दीड भाकरी, उसळ, दोन अंडी, मामींनी मापून दिलेलं. दिवाळीच्या आधीच मामा एकशे अठ्ठ्याहत्तरवर आले होते.

"मामा, आता कशाला मापून खाता?"

त्यांनी लांब गेलेल्या ताराकडे पाहत घास मोडला. "बोलावलं तर?"

पुढे नऊ वर्षं ते तसेच मापून जेवले. कुणी बोलावलं नाही.