दोन फळ्यांची देणगी

पनवेलच्या इतिहास संग्रहालयात वसुंधराबाई पोथ्यांचं काम बघतात. पोथी झटकायची, कडुलिंबाचा पाला बदलायचा, लाल कापडात बांधायची आणि मांडलेल्या वस्तूंची कार्डं लिहायची. बाई बोलायला गोड. पण एखादा मनातून उतरला की उतरला. मग त्याला चहा देतील, लाडू देतील, माफी मात्र देणार नाहीत.

असा उतरलेला म्हणजे त्यांचा पुतण्या विश्वजीत.

बाईंचे यजमान दीनानाथ यांच्याकडे घराण्यातली औषधांची पोथी होती. सुटी पानं, वरखाली वेलबुट्टीच्या दोन लाकडी फळ्या, सगळ्याला मिळून एक दोरा. दीनानाथ आजारी पडून दवाखान्यात असताना विश्वजीतने खांदा कॉलनीतलं त्यांचं घर रंगवून घेतलं. केवढे उपकार! घरी येऊन बघतात तो पोथी गायब. "काकांनीच कुणाला तरी देऊन टाकली असणार, हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नाही," असं विश्वजीतने सगळ्या नातेवाइकांत पसरवलं. दीनानाथ बिचारे तेच खरं धरून बसले. "मीच दिली का गं?" असं विचारत विचारतच ते गेले.

पुढे एक दिवस रद्दीवाला रहीम संग्रहालयात आला. जुना कागद दिसला की आणून द्या, असं गावातल्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवलेलं होतं. त्याने आणलेल्या पानांच्या कडेला दीनानाथांची पेन्सिलची टिपणं होती. बाईंनी अक्षर लगेच ओळखलं.

"कुणी विकली ही?"

"तो बॅनरवर असतो ना, विश्वजीत शेठ. बोलला, फळ्या शोला चांगल्या आहेत, त्या राहू दे, कागद घेऊन जा. बाकीचा माल तेव्हाच लगद्याला गेला, बाई. एवढीच पानं खोक्याच्या तळाला राहिली होती. खुदा कसम, मला माहीत असतं तर..."

बाई घरी जाऊन पोटभर रडल्या. मग डोळे पुसले आणि वाट बघत बसल्या.

फार बसावं लागलं नाही. निवडणूक जवळ आली, विश्वजीतला पेपरात फोटो हवा झाला, आणि स्वारी स्वतःच फळ्या घेऊन दारात हजर! "काकू, पूर्वजांचा ठेवा. नेऱ्याच्या फार्महाउसवर भिंतीला लावला होता. म्हटलं, संग्रहालयाला देऊन टाकू." लाकडाला कोण ओळखतंय, असं त्याला वाटलं असावं.

"छान केलंस हो," बाई म्हणाल्या, आणि त्याला लाडू दिला.

संग्रहालयाची एक रीत आहे. वस्तू कुणाची, कुणी सांभाळली आणि इथवर कशी आली, एवढंच बाईंनी देणाऱ्याच्या तोंडी घालून कार्डावर लिहायचं, आणि देणाऱ्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं.

कार्यक्रमाला हॉल भरला. पुढच्या रांगेत विश्वजीतची आई, कानाने जरा कमी. दाराशी रहीम, बाईंनी मुद्दाम बोलावलेला. पडदा सरला. काचेआड दोन फळ्या आणि मध्ये जेमतेम चार पानं. विश्वजीतने माईक घेतला आणि काचेवरचं कार्ड भाषणाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आमच्या घराण्याची औषधपोथी. माझे काका दीनानाथ यांनी जन्मभर सांभाळली. ते दवाखान्यात असताना..."

तो थांबला. पुढचं त्याने मनातल्या मनात वाचलं आणि तोंड पांढरं पडलं. बाई समोर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

"काकू, हे बदला ना," तो कुजबुजला. माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं.

"पानं आण, बदलते."

"थांबलास का रे?" पुढच्या रांगेतून आई ओरडली. "वाच की! मोठ्याने वाच, मला ऐकू येत नाही."

विश्वजीतने दाराकडे पाहिलं. दारात रहीम होता.

"...मी पानं रद्दीत विकली," विश्वजीत वाचत गेला, "आणि आळ काकांवर घेतला."

हॉलमध्ये एकच गलका झाला. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या काचेजवळ गेल्या, पेन्सिलच्या टिपणांवर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ऐकलंत ना? तुम्ही नव्हती हो दिली."