अनाउन्सर बाईंची कवळी

बस स्टँडवरच्या अनाउन्सर बाईंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. नवरा एचआयव्हीनं गेला, तपासणीत त्यांनाही तेच निघालं. पण त्यांनी गोळ्या कधी चुकवल्या नाहीत आणि तब्येत ठणठणीत राहिली. दगा दिला तो दातांनी. हिरड्या सुजल्या, पुढचे दात एकेक करून निखळले आणि बाईंचा ‘स’ फरार झाला.

एका सकाळी त्या म्हणाल्या ‘फलाट सहा’, लोकांना ऐकू आलं दहा. निम्मे प्रवासी बोचकी उचलून भलतीकडेच धावले. स्टँडच्या साहेबांनी बाईंना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथं चेहरा दिसायचा, म्हणून त्या तोंडाला रुमाल लावून बोलायला लागल्या.

धाकटी नणंद त्यांच्याकडेच राहायची. जीभ तिखट, पण वहिनीवर जीव. तिनं बाईंना ओढतच दातांच्या दवाखान्यात नेलं. बाईंनी आजाराचं खरं ते सांगितलं, तसे डॉक्टर मागे सरकले.

“आज खुर्ची बिघडलीय.”

“खुर्ची धडधाकट आहे,” नणंद म्हणाली. “बिघडलंय ते दुसरंच काहीतरी. चला वहिनी.”

गोळ्या मिळायच्या त्या केंद्रातल्या नर्सनं दुसरा पत्ता दिला. तिथली डॉक्टर तरुण होती. बाईंनी दारातच सांगून टाकलं, “मला एचआयव्ही आहे.”

“बरं झालं सांगितलंत, औषधं ठरवायला सोपं जातं. बसा, आ करा.”

“हे हातमोजे माझ्यासाठी वेगळे का?”

“ते प्रत्येकालाच नवे. अवजारंही प्रत्येकानंतर वाफेवर उकडून घेतो. तुमचं काही खास कौतुक नाही हं!”

बाई खळखळून हसल्या. रुमाल मांडीवरच राहिला.

बाईंच्या तोंडात पांढरी बुरशी धरली होती, गिळतानाही दुखायचं; आधी ती औषधानं घालवली. हलणारे दात काढले, हिरड्या भरून आल्यावर माप घेतलं. मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचा दिवस आला.

“साठपासून पुढे मोजा,” डॉक्टर म्हणाली. “‘स’ कसा येतो ते बघू.”

बाई ताठ बसल्या. “प्रवाशांनी लक्ष द्यावं! सायंकाळची जलद बस फलाट सहावर लागत आहे!”

बाहेर बसलेले एक आजोबा दचकून पिशवीसकट उभे राहिले. नणंद हसून हसून बाकावरून पडायचीच बाकी राहिली.

कवळी हातात आली, तरी सुरुवातीला हिरडी दुखायची, लाळ सुटायची. डॉक्टरनं टोचणारी कड घासून दिली. रात्री कवळी काढून ठेवायची, आणि हातातून निसटली तरी फुटू नये म्हणून पाण्याच्या पातेल्यावर धरून ब्रशनं धुवायची, हेही शिकवलं. घरी नणंद रोज त्यांच्याकडून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायची. शब्द चुकला की नक्कल करायची आणि मग वाचन दोघींच्या हसण्यात बुडायचं.

साहेबांनी माइक परत दिला त्या दिवशी चहावाल्यानं किटली खाली ठेवून शिट्टी मारली.

पुढं एकदा बाई गोळ्या आणायला गेल्या. केंद्रात शेजारी एक तरुणी ओढणीनं तोंड झाकून बसली होती.

“गिळताना दुखतं का गं?” बाईंनी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली.

“मग गोळ्या घेतल्या की माझ्याबरोबर चल. माझी डॉक्टर दाखवते.”

ती उठली. बाईंनी तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि घरी नणंदेला फोन केला, “जेवून घे बाई, मला उशीर होईल.”