इद्दिबलला लेखी हवं होतं

"जे लिहिलेलं नाही ते आपलं नाही," असं इद्दिबल एकदा म्हणाला. तेव्हा त्याच्या तोंडात जैतुनाची बी होती. ती कुठे थुंकावी याविषयी शास्त्रात काही नसल्यामुळे असेल, बराच वेळ त्यानं ती गालातच धरून ठेवली.

इद्दिबल आमच्या मंडळीचा वाचक, म्हणजे प्रार्थनेला शास्त्र वाचून दाखवणारा. आम्ही कार्थेजच्या दक्षिणेकडची, घाण्यावर तेल गाळणारी माणसं. घरात प्युनिक बोलतो आणि सरकारला रोमी भाषेत भितो. ख्रिस्ताचं नाव आमच्याकडे कानोकानी आलं, आज्यापणज्यांच्या तोंडून. पुस्तक मागाहून आलं, तेही रोमी भाषेत. गावात ते अक्षर इद्दिबलला एकट्याला यायचं. त्यामुळे देवाचं मत आम्हाला इद्दिबलकडून कळे, आणि योगायोग असा की ते इद्दिबलच्या मताशी नेहमी जुळे.

तरी तो वाईट नव्हता. वाईट माणसाला इतका अभ्यास झेपत नाही.

पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेल्या नव्या माणसाला आम्ही बाहेर आल्याबरोबर दूध आणि मध पाजायचो. इद्दिबलनं विचारलं, "कुठे लिहिलंय?" म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दूध-मध गेलं. बाप्तिस्म्यानंतर आठवडाभर आंघोळ करायची नाही, ही चालही गेली. तिच्यासाठी मात्र कुणी रडलं नाही. घराबाहेर पडताना, दिवा लावताना कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायचा, ही सवय तेवढी त्याला काढता आली नाही, कारण पुस्तक उघडायच्या आत लोकांचा अंगठा कपाळाला लागलेला असे.

मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, मिग्गिनबाबा. भला माणूस, म्हणजे भांडणाला भिणारा. इद्दिबलनं पुस्तक पुढे केलं की बाबा म्हणायचे, "बरं बाबा, तुझं खरं."

मग दोनाताची पाळी आली. दोनाता विधवा, तोंडानं तिखट. आमच्यात मेलेल्या माणसाच्या वर्षदिनाला घरचे भाकरी आणतात, ती प्रभूच्या मेजावर ठेवतात आणि बाबा त्याचं नाव घेतात. एवढंच. दोनाता नवऱ्यासाठी भाकरी घेऊन आली, तर इद्दिबल मेजाच्या आडवा उभा.

"मेलेल्यांसाठी भाकरी? कुठे लिहिलंय?"

"तुझ्या बापासाठी तुझी आई आणायची, तेव्हा विचारलं होतंस का?"

"तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

"तेच बरं होतं," दोनाता म्हणाली, आणि भाकरी पदराखाली घेऊन घरी गेली. बाबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की दिवा विझला असता. त्या दिवसापासून आमच्याकडे मेलेले पुरते मेले.

इद्दिबलची बायको अरिशुत हे सगळं मागच्या रांगेतून बघायची. ती नवऱ्यापुढे कधी बोलली नाही. तो घराबाहेर पडायला लागला की ती उंबऱ्यात यायची आणि त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायची. इद्दिबल तेवढ्यापुरता आभाळात ढग आहेत का ते बघायचा. सगळी गल्ली बघायची.

त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचा एक फेरीवाला सुया, काजळ आणि एक सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्राची पोथी, विकायला आला. सुवार्ता कुणा प्रेषिताच्या नावाची होती, कातडं नवंकोरं. इद्दिबलनं चार पानं चाळली आणि परत दिली.

"हे खोटं आहे."

"का हो? लिहिलेलं तर आहे," फेरीवाला म्हणाला.

"आमच्याकडे हे कधी वाचलं गेलं नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी याचं नावसुद्धा काढलं नाही."

दोनाता सुया निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हणजे पुस्तक खरं का खोटं ते म्हाताऱ्यांना विचारायचं. आणि म्हातारे खरे का खोटे ते पुस्तकाला. शिकलेल्या माणसाला कामं फार, बाई."

इद्दिबलनं ते ऐकलं नाही. न ऐकणं त्याला फार सुरेख जमत असे.

तीनचार वर्षं अशीच गेली, आणि एकदा अंजिरं पिकायच्या दिवसांत अरिशुतला ताप चढला. अंजिरं संपायच्या आत ती गेली. त्यानंतर इद्दिबल घराबाहेर पडताना उंबऱ्यात जरासा थांबायचा आणि ढग बघायचा. ढग नसायचे.

वर्ष फिरत आलं. माझा घाणा त्याच्या घराला लागून. त्याला पुस्तकाची पानं पुढून मागे, मागून पुढे उलटताना मी रोज बघत होतो.

"काय शोधतोस रे?" मी विचारलं.

"एक ओळ."

"कसली?"

"सापडली की सांगेन." मग पान उलटत, "तिचं नाव घेतलं जावं असं वाटतं. पण कशाच्या आधारानं?"

आता, बायकोचं नाव घ्यायला नवऱ्याला पुरावा लागावा, हा प्रकार आमच्या अडाणी गावात नवा होता. मी म्हटलं, "बाबांना सांग, ते घेतील."

"दोनाताला नाही म्हटलं मी. आता स्वतःला हो म्हणू?"

इथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तो दिवस उजाडला. पहाटे मंडळी जमली. इद्दिबल पुस्तक घेऊन उभा. हात रिकामे, म्हणजे भाकरीपुरते रिकामे. ओळ सापडली नव्हती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला रोमी भाषा लागत नव्हती. मिग्गिनबाबा मेजापाशी उगाच फडका सारखा करत राहिले.

मग दोनाता उठली. तिनं पदराखालून भाकरी काढली, मेजावर ठेवली.

"अरिशुतच्या नावानं," ती म्हणाली.

बाबांनी सवयीनं इद्दिबलकडे पाहिलं. "वाचका, तू म्हणशील तसं..."

"त्याला काय विचारता, बाबा?" दोनाता म्हणाली. "तिनं विचारलं होतं का? माझ्या नवऱ्याच्या दिवसाला दरवर्षी भाकरी घेऊन माझ्या घरी यायची ती. चुलीपाशी बसून त्याचं नाव घ्यायची. मी म्हटलं, अगं, तुझा नवरा काय म्हणेल? तर म्हणाली, तो पुस्तकात बघेल, तिथे मी नाहीच."

बाबांच्या आयुष्यात धीर एकदाच आला, तो त्या वेळी. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि स्पष्ट आवाजात अरिशुतचं नाव घेतलं. मग कुणी सांगितलं नसताना दोनाताच्या नवऱ्याचंही घेतलं. आम्ही सगळे आमेन म्हणालो. मागून कुणी तरी आपल्या आईचं नाव म्हणालं, कुणी भावाचं. मेलेले सगळे एकदम आत आल्यासारखी ती खोली गच्च भरली.

"आता वाच, बाळा," बाबा हळूच म्हणाले.

इद्दिबलनं पुस्तक उघडलं. ओठ हलले. मग त्यानं ते मिटलं, मेजावर दोनाताच्या भाकरीशेजारी ठेवलं, आणि आमच्यामधून वाट काढत दाराबाहेर निघून गेला.