तांब्याची भांडी, नाशिक

यशवंतकाकांच्या पिंडाला कावळा शिवायला तयार नव्हता, याला सर्वस्वी जबाबदार मी होतो.

मी वेबसाइटसाठी लेख लिहितो. लोक सर्चमध्ये जे शब्द टाकतात ते लेखात पेरायचे, म्हणजे आपलं पान वर येतं. किती पेरायचे याला प्रमाण असतं. माझा हात जरा सैल होता. (बायको म्हणते, बोलतानाही तेच.) काकांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांच्या वेबसाइटसाठी मी लिहिलेलं पहिलं पान त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "सुहास, कल्हई पातळ लावायची असते रे. जाड थापली की भांडं वाया जातं."

मी हसलो. त्यांना सर्चमधलं काय कळतंय!

त्यानंतर वर्षभराने काका गेले. माझ्या सगळ्या सुट्या त्यांच्या दुकानात ठोक्यांचा आवाज ऐकत गेलेल्या. फार लागलं मला. काकू म्हणाल्या, "वेबसाइटवर चार ओळी लिही. माणूस कसा होता ते गिऱ्हाइकांना कळू दे. त्यांच्याबद्दल आजवर कुणी काही लिहिलंच नाही." मी रडत रडत लिहायला बसलो. डोळ्यांत पाणी, त्यामुळे लिहिलं ते हातांनीच, सवयीने. परत वाचलंही नाही.

दहाव्याला गोदाकाठी श्रद्धांजलीची वेळ आली. काकांच्या मुलाला, नितीनला, हुंदक्यामुळे बोलवेना. त्याने मोबाइल शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या हाती दिला. "सुहासने वेबसाइटवर लिहिलंय सर, तेच वाचा." सरांनी घसा खाकरला. समोरचं एक अक्षर गाळणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं!

"नाशिकमध्ये तांब्याची भांडी शोधताय? नाशिकमध्ये तांब्याची भांडी म्हटलं की आठवतात ते तांब्याच्या भांड्यांचे नाशिकमधील विश्वासू विक्रेते, कैलासवासी यशवंतराव. नाशिकमधील तांब्याच्या भांड्यांच्या या विक्रेत्यांचं नाशिकमध्ये दुःखद निधन झालं असून तांब्याची भांडी घरपोच मिळतील."

लासलगावहून आलेले एक पाहुणे शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले, "भांडी वाटणार हायेत का?"

"आजच संपर्क साधा!" असं खणखणीत वाचून सर हात जोडून खाली बसले.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "त्यांचं नाव किती वेळा आलं रे?"

"एकदा."

"आणि भांडी?"

"पाचदा." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिंड ठेवले. समोर कठड्यावर पाच-सहा कावळे बसलेले, एकही हलेना. नितीन हात जोडून म्हणाला, "बाबा, दुकान बंद करणार नाही." एका कावळ्याने कठड्यावर चोच घासली. "आईला सांभाळीन." तो आणखी लांब सरकला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "कुणाच्या हातून काही राहिलंय का?"

जमलेल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. (सर तर मोबाइल दाखवतच होते!)

मी पुढे झालो. "काका, चुकलो. ते पान आज काढतो. तुमच्याबद्दल लिहितो. पातळ लिहितो."

कावळा आला, शिवला. मी मात्र सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

त्या दुपारी लिहिलं ते असं: यशवंतराव भांड्यावर टिचकी मारून ते कुठे झिजलंय ते सांगायचे. नवं घ्यायला आलेल्याला म्हणायचे, आधी जुनं आणून दाखव. दुरुस्त होण्यासारखं असेल तर नवं विकायचे नाहीत. उभा जन्म तांब्याची भांडी घडवली, पण स्वतःच्या घरातला हंडा त्यांच्या आईच्या काळातला.

'तांब्याची भांडी' त्यात एकदाच आली. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडल्या. "हेच होते ते," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मनमाडहून एक बाई सासूचा हंडा घेऊन दुकानात आल्या. जुना हंडा दुरुस्त कुठे होतो म्हणून सर्च केलं, तर काकांचं पान सापडलं, म्हणाल्या. वर्षभर मी रचलेल्या शब्दांनी एक वाटी खपली नव्हती!

तेव्हापासून मी प्रत्येक लेख आधी गच्चीत जाऊन मोठ्याने वाचतो. समोरचा कावळा उडून गेला, की निमूटपणे खाली येतो आणि निम्मे शब्द कापतो.