बामाच्या वासाचं झाड

माझ्या मुलीने ते झाड पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलेच होते. कोसाडला माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो, आणि ही बया वसाहतीमागच्या पाणथळ जागेत, चिखलाने बरबटून, उकिडवी बसलेली! "अगं, साप-किरडू असेल तिथे!" तर म्हणते, "मम्मी, इकडे ये, गंमत दाखवते."

गंमत कसली, वीतभर गवतासारखं काहीतरी. त्याला तिळाएवढं पिवळं फूल. ती बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र शिकत होती, त्यामुळे आम्हाला रस्त्यातलं तणसुद्धा थांबून बघावं लागे. फुलाच्या दोन्ही बाजूंना दोन पंख, मध्ये बारीकशी झालर. इंग्रजीत याच्या नावात दूध आहे म्हणाली. गाईला जास्त दूध यावं म्हणून तिकडे चारायचे. मी देठ मोडून पाहिला, दुधाचा थेंब नाही. "म्हणूनच तर ही आपली चिकाची रानदुधी नाही," असं म्हणत तिने मूळ चुरडून माझ्या नाकाशी धरलं. बाम! चक्क गुडघ्याला चोळायचा बाम.

"पप्पांसारखा वास येतो ना?" आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मिलच्या ओल्या फरशीवर उभं राहून यांचे गुडघे कामातून गेलेत. घरात बामाची बाटली मिठाच्या बरणीशेजारीच असते.

दिवाळीच्या सुमाराला ती पुन्हा जाऊन त्याचं बी घेऊन आली आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात कुंडीत लावायचं होतं तिला. थंडीत तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. यापलीकडे मला लिहवत नाही.

जूनमध्ये मी ती बाटली काढली. कोसाडच्या त्या जागेवर तोवर भराव पडला होता. डंपरवर डंपर येतायत, असं बहिणीने फोनवर सांगितलं. म्हणजे जगात आणखी कुठे असेल तर असो, आमच्या पोरीचं झाड आता या बाटलीतच होतं. चिमूटभर बी, सगळं पेरलं. सदा ओल राहावी म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली. कोंब दिसले तेव्हा मी ओरडलेच. तिचे पप्पा हातातलं ताट तसंच ठेवून धावत आले.

ती गेल्यापासून हा माणूस बोलेनासाच झाला होता. मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी, आणि समोर भिंत. पण कुंडीपाशी मात्र हे बसायला लागले. बोरचं पाणी घालू नकोस म्हणाले. खरंच होतं ते. पांडेसऱ्यात आमच्या गल्लीतलं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरा थर धरतो. हे पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये, पाण्याच्या खात्यात कामाला. तिथलं सॉफ्ट पाणी ते रोज कॅन भरून आणू लागले. आमच्या लोकांना ते पाणी म्हणजे अमृत! साबणाला भरभरून फेस, केस मऊसूत. लग्नघरची माणसं नवरीच्या न्हाण्यासाठी मागून नेतात. गॅलरीवर पत्रा, पाऊस आत येत नाही, त्यामुळे कुंडीला सगळं पाणी त्या कॅनचंच. घालताना हळूच म्हणायचे, "पी बेटा." मी आत ओट्यापाशी डोळे पुसायची.

कळ्या धरल्या आणि पानांची टोकं करपायला लागली. यांनी पाणी वाढवलं. खोडं काळी पडली. शेवटी मी तिच्या कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, पाणी कुठलं घालता? मिलचं सॉफ्ट, मी म्हटलं. मग म्हणाल्या, "ते कसं करतात, घरी विचारून बघा."

संध्याकाळी हे कॅन घेऊन दारात आले तसं मी विचारलं, "अहो, सॉफ्ट पाणी करतात तरी कसं?" त्यांच्या कामाचं त्यांना कोणी कधी विचारत नाही. खूश झाले. यांची घरात अहिराणीच.

"त्या मशीनले मीठ लागस," ते सांगू लागले. "मीच टाकस. पोतंच्या पोतं..."

आणि थांबले. हातातल्या कॅनकडे बघत राहिले.

"उन्हाने गेलं हो ते," मी म्हणाले. जन्मभर ज्यांना धारेवर धरलं, त्यांना त्या दिवशी एक शब्द लावून बोलवेना. "पत्रा तापतो ना." ते मोरीत गेले. बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

कुंडी मी टाकली नाही. यंदाच्या पावसाळ्यात तिच्यात काहीतरी उगवलं, तसंच बारीक पानांचं. दोघंही रोज वाकून बघायचो. फूल काही येईना. रविवारी यांनी एक रोप अलगद उपटलं, मूळ चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"वास येस का?"

आला! बामाचा, झणझणीत. माझ्या काळजात लख्ख झालं. मी दुसरं रोप उपटून माझ्याच बोटांनी मूळ चुरडलं आणि हुंगलं. नुसती माती.

"येस का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. "तुमच्या हाताचा आहे तो."