मनस्विनी प्रायव्हेट लिमिटेड

शिवमूर्ती सर माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण मी त्यांना शेवटपर्यंत ‘सर’च म्हणालो. लातुरात तेव्हा ‘सर’ म्हणवून घेणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. ज्याला स्वतःची बीएस्सी धड झेपली नव्हती तोही औसा रोडवर पत्र्याचं शेड ठोकून ‘सर’ व्हायचा. भिंतीवर मेरिटच्या पोरांचे फोटो लावायचा आणि त्यातली निम्मी पोरं शेजारच्या क्लासच्या भिंतीवरही असायची. शिवमूर्ती सर त्यातले नव्हते. त्यांना रसायनशास्त्र खरोखर येत होतं आणि ते शिकवताही येत होतं. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात त्यांची बाजू फारशी उरत नाही.

मी जिलानी. उर्दू हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायचो, नंतर सरांच्या क्लासमध्ये आलो. त्यांची कंपनी कागदावर उभी राहिली तेव्हा साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे.

सर मूळचे औसा तालुक्यातले, गावच्या हायस्कुलात शिक्षक. घरात म्हातारी आई, बायको महानंदा आणि एकुलती एक पोर. पोरीचं नाव त्यांनी मोठ्या हौसेनं मनस्विनी ठेवलं. ते गावाच्या जिभेला काही वळलं नाही. महानंदावहिनींसकट सगळे तिला मनीच म्हणत. पूर्ण नावानं हाक मारणारे सर एकटे.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं, तेव्हा वहिनी निलंग्याला माहेरी होत्या, बहिणीच्या बाळंतपणासाठी. सात वर्षांची मनी आजीजवळ आत झोपलेली. सर विसर्जनाहून उशिरा आले. कडी वाजवली तर पोरीची झोपमोड होईल म्हणून अंगणातच बाजेवर आडवे झाले. पहाटे काय झालं ते सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. आत होते ते गेले. सरांना साधं खरचटलंही नाही.

लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आमच्यासारखंच. पण तेव्हा पाऊस लागला होता, ढिगाऱ्यातून माणसं निघतच होती, आणि सगळ्यांना एकत्र अग्नी देण्याखेरीज इलाज नव्हता. मनीलाही तसाच दिला. जिथं जाऊन दोन फुलं ठेवावीत एवढी जागाही तिच्या वाट्याला आली नाही. दुसऱ्या कुणाला हे दुःख कळेल की नाही, मला माहीत नाही. मला कळतं. माझ्या अब्बांची कबर आहे, मन भरून आलं की मी तिथं जाऊन बसतो. सरांनी बसायचं कुठं?

नवराबायको लातूरला आले आणि आमच्या गल्लीत भाड्यानं राहू लागले. वहिनींनी पोरीचं नाव परत तोंडातून काढलं नाही. ‘तुम्ही बाहेर होता आणि ती आत’ असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण सरांना ते ऐकू येत असे. ताट वाढताना, दार लावताना, कशातही. घरात दोघं इतकं बेतानं बोलत की मला त्यांच्याकडं जायचा कंटाळा यायचा. जायचो तरी.

एका खोलीत सुरू झालेला क्लास दहा वर्षांत चार मजल्यांचा झाला. बँकेला कर्ज द्यायचं होतं आणि सरांना नांदेडला शाखा काढायची होती. तेव्हा मिहिर नावाचा एक तरुण सीए कंपनीची कल्पना घेऊन आला. पोरगा हुशार आणि बोलायला गोड. त्यानं टेबलावरची पाण्याची बाटली बाजूला सरकवून आम्हाला समजावलं.

“सर, कंपनी म्हणजे कायद्यानं एक वेगळी व्यक्ती. मालमत्ता तिची, देणं तिचं, चूक झाली तर तीही तिची. उद्या काही झालं तर तुमच्या अंगावर येणार नाही. आणि माणसं मरतात, कंपनी मरत नाही. आपण सगळे गेलो तरी तिचं नाव राहतं.”

दुसरा कुणीही यातली पहिली बाजू ऐकून खूश झाला असता. सरांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. मी त्यांच्याकडं बघत होतो, म्हणून सांगतो. वर्गात एखाद्या मठ्ठ पोराला अचानक गणित सुटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

कंपनीच्या नावाला आधी पुण्याच्या कार्यालयाची मंजुरी लागायची. एखादं नाव दुसऱ्या कुणी घेतलेलं निघालं तर अडायला नको म्हणून पसंतीच्या क्रमानं तीन-चार नावं द्यायची पद्धत होती. सरांनी एकच दिलं आणि उरलेल्या जागांवर आडवी रेघ मारली. मिहिरनं खूप समजावलं, फी वाया जाईल म्हणाला. सर ऐकेनात. मिळालं तर हेच, नाही तर कंपनीच नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मिळालं. भारतात त्या नावाचं दुसरं कुणी नव्हतं म्हणे. हे सांगताना मिहिर हसला, सर नाही हसले.

कंपनीला निदान दोन माणसं लागतात. दुसरं माणूस म्हणजे वहिनी. घटनापत्रावर प्रत्येकानं आपलं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसाय असं सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं असतं, म्हणून मिहिर कागद घेऊन घरीच आला. वहिनींनी पेन उघडलं आणि वर ठळक छापलेलं नाव वाचलं. पेन तसंच ठेवून त्या आत गेल्या. आम्ही तिघं बसून राहिलो. मिहिरला वाटलं, चहा करायला गेल्या. चहा घेऊनच आल्या त्या, पण कप ठेवताना सरांना म्हणाल्या, “हे नाव बाजारात नेऊ नका.”

सर खाली बघून बोलले. “तिला कुठं जागा आहे? ही तिची जागा होईल.”

वहिनींनी सही केली. व्यवसायाच्या जागी ‘गृहिणी’ लिहिलं. त्यांच्याखाली मी सही केली.

नोंदणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा मिहिर गमतीनं म्हणाला, हा पोरीचा जन्मदाखला. बिचाऱ्याला काय माहीत. सरांनी ते चौकटीत बसवून केबिनमध्ये समोरच्या भिंतीवर लावलं. कंपनीचा लोखंडी शिक्का आला, कागद आत घालून दाबला की अक्षरं उठायची. सरांनी कोऱ्या कागदावर तो दाबला आणि त्या उठलेल्या अक्षरांवरून किती तरी वेळ बोट फिरवत राहिले. मी दारातूनच परत फिरलो.

मग ते नाव सगळीकडं झालं. रिक्षांच्या पाठीवर, एसटी स्टँडवर, गंजगोलाईच्या चौकात, हजारो पोरांच्या दप्तरांवर. वहिनी भाजीला निघाल्या की खाली बघून चालायच्या. आणि सर? सर बदलले. दुसरे क्लासवाले जे करत होते ते सगळं तेही करू लागले. दर रविवारी टेस्ट, निकालाप्रमाणे बाकं, सुट्टी नाही, घरी फोन नाही. तिचं नाव मागं पडता कामा नये, असं म्हणायचे. मी दोनदा भांडलो. तिसऱ्यांदा नाही भांडलो, पगार चांगला होता.

नांदेडच्या शाखेला मुलींचं वसतिगृह होतं. तिथं देगलूरकडची एक मुलगी होती, गोदावरी, आजीचं नाव ठेवलेली. बाप गुंडप्पा, एका कापडदुकानात कामाला. पावसाळ्यात तिला ताप भरला. वॉर्डननं तापाच्या गोळ्या दिल्या, रविवारची टेस्ट तिनं तापातच दिली, सोमवारी दवाखान्यात नेलं. डेंगी होता. बुधवारी ती गेली. गुंडप्पाला निरोप मंगळवारी मिळाला होता.

वॉर्डननं तुम्हाला आधी कळवलं होतं का, असं मी सरांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी समजायचं ते समजलो आणि तासाला निघून गेलो.

आठवड्याभरात मोर्चा लातूरला आला. आधी क्लासवर, मग घरावर. माणसं काही वाईट नव्हती. पोरीचे काका-मामा, गावची पोरं, दोन-चार पुढारी. पाटीवर जे नाव होतं तेच त्यांनी घेतलं. ‘खुनी मनस्विनी, मुर्दाबाद.’ वहिनी फाटकाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांना आत चला म्हणालो, हात धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला. शेवटचा माणूस ओरडून जाईपर्यंत त्यांनी सगळं ऐकलं. सर आत पलंगावर बसून होते.

सरकारनं चौकशी लावली. मिहिर आणि वकील दोघांनी बसून जबाब तयार केला. वसतिगृह कंपनीचं, सोयी कंपनीनं ठरवलेल्या, वॉर्डन कंपनीचा नोकर. जे काही देणं लागेल ते कंपनी देईल. संचालकांना आजाराची कल्पना नव्हती, सबब ते व्यक्तिशः जबाबदार नाहीत. यासाठीच तर कंपनी काढली, सर, असं मिहिर म्हणाला, आणि त्याच्या धंद्याच्या हिशेबानं तो बरोबरच बोलत होता. पण सर पुन्हा अंगणात राहणार होते आणि सगळं माळवद पुन्हा त्या पोरीवरच पडणार होतं.

नांदेडला सरकारी विश्रामगृहात चौकशी अधिकारी बसले होते. एका बाजूला गुंडप्पा, टोपी मांडीवर घेऊन. दुसऱ्या बाजूला आम्ही. सरांनी जबाब वाचायला घेतला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज, पण गुंडप्पालाही नीट ऐकू येईना, तो पुढं वाकला. “सदर घटनेस मनस्विनी एज्युकेअर प्रायव्हेट लिमिटेड ही जबाबदार असून” इथं ते थांबले, पाणी प्यायले, आणि उरलेलं वाचून त्यांनी सही केली.

कागद वहिनींकडं आला. त्याही संचालक. अधिकाऱ्यांनी बोटानं जागा दाखवली. वहिनींनी कागद उचलला नाही.

“साहेब, मनस्विनी सात वर्षांची होती,” त्या म्हणाल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. “भूकंपात गेली. तिनं कुणाच्या लेकराला मारलं न्हाई. तिचं नाव काढा यातनं.”

अधिकाऱ्यांना काही उमगेना. मिहिर उठून, बाईंची तब्येत बरी नाही, असं काही तरी बोलू लागला. वहिनींनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्या गुंडप्पाकडं वळल्या.

“शुक्रवारी वॉर्डनचा फोन आलता. मीच घेतला. पोरीला लई ताप हाय, घरी कळवू का म्हणून इचारलं. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, रविवारची टेस्ट होऊ द्या, मग कळवा. म्या तसंच सांगून फोन ठेवला. मला दुसरा फोन करता आला असता, भाऊ. न्हाई केला.”

गुंडप्पानं टोपी तोंडाला लावली.

हे खरं आहे का, असं अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं. मिहिरनं सरांच्या दंडावर हात ठेवला. अजून वाट होती, सर नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं. आयुष्यभर स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस, त्यानं सही केलेला कागद परत मागून घेतला, दोन तुकडे केले आणि गावच्या बोलीत म्हणाला, “हाव. खरं हाय. कंपनी-बिंपनी कुणी न्हाई. म्या केलं.”

पुढचं सांगून टाकतो. खटला झाला. सरांना वर्षभराची शिक्षा झाली, वहिनींना दंडावर सोडलं. इमारती बँकेनं घेतल्या. कंपनीचे कागद कुणी भरेना, तेव्हा पुण्याच्या कार्यालयानं एक दिवस तिचं नाव नोंदीतून काढून टाकलं. कंपनी मरत नाही, असं मिहिर म्हणाला होता. सर तुरुंगातून आल्यावर तीन वर्षं जगले. त्यांना मातीतच ठेवलं, मी खांदा दिला. गोदावरी काही परत आली नाही आणि गुंडप्पानं आम्हाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यानं का करावं?

पण मला आठवते ती चौकशीच्या दिवशी संध्याकाळची नांदेड-लातूर एसटी. मिहिर त्याच्या गाडीनं निघून गेला होता. सर आणि वहिनी माझ्या पुढच्या बाकावर. अहमदपूर मागं पडलं. मग वहिनी बोलल्या, नवऱ्याकडं न बघता.

“त्या रात्री तुम्ही आत असता तर तुम्हीबी गेला असता. तिला काय वाचवणार होता? मला ठावं हाय ते. कवापासून ठावं हाय.”

सर त्यांच्याकडं वळले. “मग कधी म्हणाली न्हाईस.”

“तुम्ही इचारलं न्हाई.”

सरांनी समोरच्या बाकाच्या दांडीवर कपाळ टेकलं आणि ते रडायला लागले. मनस्विनी नाही, मनी, मनी म्हणत. सगळी एसटी वळून बघत होती. वहिनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, लातूर येईपर्यंत.