खंडेनवमीची चकाकी

भट्टीवरचा दशरथ भलता तापट. यंत्रावर डाग दिसला की समोरच्याच्या कानाखाली जाळ काढायचा. वाघोलीच्या कारखान्यात खंडेनवमीला त्याने भट्टीवरची वाफ नेणारा स्टेनलेसचा पाइप संडासच्या अ‍ॅसिडने घासून आरशासारखा चकाकवला आणि पाणी न मारताच त्यावर झेंडूची माळ चढवली. भट्टी पेटल्यावर काही दिवसांतच पाइप फुटला आणि वाफेने त्याच्या जोडीदाराचं, समाधानचं तोंड सोलून काढलं. दशरथने पाइप विकणाऱ्याला गचांडी धरून रक्त येईस्तोवर बडवलं. मग साहेबांनी फुटका तुकडा दाखवला. अ‍ॅसिड राहिलेल्या जागी धगीने स्टीलची चाळण झाली होती. दशरथचा हात न पोचलेली मागची बाजू ठणठणीत होती.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या समाधानने विचारलं, "पाइपवाल्या हरामखोराला सोडलं नाहीस ना?"

"दात पाडले त्याचे," दशरथ म्हणाला.